स्टेडियम ‘जुनं’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकाच साच्यातला असतो: ‘अमुक गोष्ट इथे होते, तिथे होत नाही, असं का?’ साचा चांगला आहे, पण फसवाही आहे. तो कुठे फसवतो हे बघायला आज मुद्दाम एक लांबचा प्रश्न घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांचं त्यात काही अडकलेलं नाही, त्यामुळे त्याकडे थंड डोक्याने बघता येईल. प्रश्न असा: अमेरिकेतले क्रीडासंघ वीस-पंचवीस वर्षांत स्टेडियम सोडून नवं का बांधतात, आणि युरोपातले फुटबॉल क्लब शंभर-शंभर वर्षं एकाच मैदानावर कसे खेळतात?

प्रश्न हवेतला नाही. अटलांटाचा ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ टर्नर फील्डवर १९९७ ते २०१६ असे जेमतेम वीस हंगाम खेळला आणि निघून गेला. त्याच शहरातला जॉर्जिया डोम १९९२ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये सुरुंग लावून पाडला. टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला १९९४ चं बेसबॉल स्टेडियम उभं असतानाच २०२० मध्ये जवळच दुसरं उघडलं. आणि इकडे लिव्हरपूल १८९२ पासून अ‍ॅनफील्डवर खेळतोय, मँचेस्टर युनायटेड १९१० पासून ओल्ड ट्रॅफर्डवर.

यावर चहाच्या टपरीवरसुद्धा मिळेल असं उत्तर म्हणजे ‘अमेरिकन लोकांना नवं आवडतं, युरोपियन लोकांना परंपरा’. हे उत्तर नाहीच. जे समजावून सांगायचं आहे त्यालाच ‘संस्कृती’ असं नाव देऊन आपण मोकळे होतो. शिवाय अमेरिकेत १९१२ चं फेनवे पार्क आणि १९१४ चं रिगली फील्ड आजही चालू आहेत, तिकडच्या चाहत्यांचा जीव त्यांच्यावर आहे. म्हणजे परंपरेची आवड दोन्हीकडे आहे. मग फरक कशात?

पुस्तक काय करतं

या विषयात शिरताना जे पुस्तक टाळताच येत नाही ते म्हणजे रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी संपादित केलेलं ‘स्पोर्ट्स, जॉब्स अँड टॅक्सेस’. ब्रुकिंग्ज संस्थेने ते १९९७ मध्ये काढलं. तेव्हा अमेरिकेत स्टेडियमबांधणीची लाट ऐन भरात होती. प्रत्येक शहरात तोच युक्तिवाद चालू होता: स्टेडियम बांधा, रोजगार येईल, कर वाढेल, खर्च आपोआप भरून निघेल.

पुस्तकाने हा दावा शहरागणिक तपासला. त्याची सगळ्यात मोठी ताकद एका साध्या प्रश्नात आहे: स्टेडियम झालं नसतं तर हा पैसा कुठे गेला असता? सामन्याला गेलेलं कुटुंब तिकिटावर आणि खाण्यावर जे खर्च करतं, ते सामना नसता तर सिनेमाला, हॉटेलात, नाहीतर दुसऱ्या कशावर तरी खर्च केलं असतं. शहराच्या दृष्टीने पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. नवा पैसा म्हणायचा तर बाहेरगावच्या प्रेक्षकांचाच.

म्हणून बॉल्टिमोरच्या कॅम्डेन यार्ड्सचं प्रकरण महत्त्वाचं. १९९२ मध्ये उघडलेलं हे बेसबॉल स्टेडियम यशाचा नमुना मानलं जायचं. शेजारच्या वॉशिंग्टनला तेव्हा बेसबॉल संघच नव्हता, त्यामुळे जवळपास एकतृतीयांश प्रेक्षक बाहेरचे असायचे. म्हणजे दाव्यासाठी याहून अनुकूल जागा शोधूनही सापडली नसती. तरीही सुमारे २० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीवर शहराला नव्या रोजगारातून आणि वाढीव करातून मिळणारा फायदा वर्षाला साधारण ३० लाख डॉलर एवढाच निघाला. दावा ज्या ठिकाणी सर्वात मजबूत आहे तिथेच तो तपासायचा, आणि तिथेही टिकला नाही तर इतर ठिकाणी वेगळं सांगायची गरज उरत नाही. ही युक्ती वहीत लिहून ठेवा. कुठल्याही विषयात चालते.

पुढच्या पंचवीस वर्षांत या निष्कर्षाला धक्का लागलेला नाही. जॉन चार्ल्स ब्रॅडबरी, डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज या तिघांनी अलीकडे तीस वर्षांतल्या शंभराहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला. सूर तोच: स्टेडियममुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला होणारा फायदा जनतेच्या पैशाचं समर्थन करण्याइतका नसतो. अर्थशास्त्रज्ञांचं एवढं एकमत क्वचित दिसतं.

पण प्रश्न बदलला, लक्षात आलं का?

आपण विचारलं होतं ‘का बांधतात?’ आणि उत्तर मिळालं ‘परवडत नाही’. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात बांधण्याचा निर्णय हा परिणाम आहे आणि आपण त्याचं कारण शोधतोय. दुसऱ्यात बांधणं हे कारण आहे आणि आपण त्याचा परिणाम मोजतोय. या विषयातलं बहुतांश साहित्य दुसऱ्या प्रश्नावर आहे, कारण त्याची आकडेवारी सरळ मिळते. प्रस्तावात पहिला प्रश्न लिहायचा आणि साहित्याच्या आढाव्यात दुसऱ्याचे अभ्यास भरायचे, हा घोटाळा फार सर्रास दिसतो.

नोल आणि झिम्बालिस्ट यांच्यावर अन्याय करायचा नाही. ‘का’चं उत्तरही त्यांच्याकडे आहे, आणि ते भक्कम आहे: लीगची मक्तेदारी. अमेरिकन लीग ही बंद खोली आहे. एनएफएलमध्ये किती संघ असावेत आणि ते कुठे असावेत हे आधीपासून असलेले मालक ठरवतात. सध्या संघ ३२ आहेत. ज्या शहरांना संघ हवा आहे त्यांची संख्या नेहमी त्याहून जास्त राहील अशी व्यवस्था असते. त्यामुळे संघाचा मालक आपल्या शहराला म्हणू शकतो: नवं स्टेडियम द्या, नाहीतर जातो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिस. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, आणि १९९५ ते २०१५ अशी एकवीस वर्षं तिथे एनएफएलचा एकही संघ नव्हता. मोकळ्या बाजारात असं होणं अशक्य वाटतं. पण रिकामं लॉस एंजेलिस हे बाकीच्या सगळ्या मालकांच्या हातातलं हत्यार होतं.

सेंट लुइसने ते हत्यार अंगावर झेललं. लॉस एंजेलिसहून रॅम्स संघ आपल्याकडे यावा म्हणून शहर, काउंटी आणि राज्य यांनी मिळून डोम बांधला. १९९५ मध्ये संघ आला. भाडेकरारात एक अट होती: २००५ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे स्टेडियम लीगमधल्या वरच्या २५ टक्क्यांत असलं पाहिजे, नसेल तर संघ करारातून मोकळा. लवादाचा निर्णय संघाच्या बाजूने गेला आणि २०१६ मध्ये रॅम्स परत लॉस एंजेलिसला गेले. संघ गेला तरी कर्जाचे हप्ते चालूच राहिले. पुढे शहराने खटला भरला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती गोष्ट वेगळी.

ती २५ टक्क्यांची अट पुन्हा वाचा. तुमचं स्टेडियम तसंच आहे, एक खुर्चीसुद्धा मोडलेली नाही. पण दुसऱ्या शहराने नवं बांधलं की तुमचं एक क्रमांक खाली सरकतं. म्हणजे इथे ‘जुनं’ हा सिमेंटचा गुणधर्म नाही, तो यादीतला क्रमांक आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर इथली निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. एका शहराचा निर्णय दुसऱ्या शहरात निर्णय घडवतो. तीस शहरांच्या तीस नोंदी घेऊन नेहमीचं रिग्रेशन लावताना ही गोष्ट विसरलात, तर आकडे छान येतील आणि अर्थ चुकीचा निघेल.

याला जोड मिळाली ती केंद्र सरकारच्या कायद्याची. स्टेडियमसाठी शहरं रोखे काढतात. त्यावरच्या व्याजाला केंद्राचा प्राप्तिकर लागत नसेल तर कर्ज स्वस्तात मिळतं. १९८६ च्या करसुधारणेचा हेतू खासगी स्टेडियमना मिळणारी ही सवलत आवळण्याचा होता. नियम असा झाला: बांधकामाचा १० टक्क्यांहून जास्त वापर खासगी असेल, आणि कर्जफेडीचा १० टक्क्यांहून जास्त भाग त्या बांधकामाच्याच उत्पन्नातून येत असेल, तर सवलत नाही. दोन्ही अटी एकदम लागू झाल्या तरच सवलत जाते. स्टेडियममध्ये पहिली अट लागू होणारच. मग शहरांनी काय केलं? दुसरी लागू होऊ दिली नाही. संघाकडून भाडं कमी घ्यायचं आणि कर्ज विक्रीकरातून, हॉटेलकरातून फेडायचं. जनतेचा पैसा वाचवायला केलेल्या नियमाने जनतेनेच भरावं यासाठी बक्षीस ठेवलं. ‘अमेरिकन संस्कृती’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला मोठा हिस्सा असा दोन वाक्यांच्या नियमात सापडतो.

युरोपात हे उत्तर लावून बघू

सिद्धांताची परीक्षा तो जिथून जन्मला तिथे होत नाही. मक्तेदारीचं उत्तर खरं असेल, तर लीग उघडी असलेल्या ठिकाणी धमकी चालायला नको. युरोपात तसंच दिसतं. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये २० पैकी ७ क्लब एकट्या लंडनचे होते. एखाद्या क्लबने ‘मी जातो’ म्हटलं, तर जायचं कुठे? प्रत्येक मोठ्या गावात आधीच कुणीतरी आहे, आणि ज्या गावाला वरच्या लीगचा क्लब हवा आहे त्याने आपल्याच खालच्या लीगमधल्या क्लबला जिंकवत वर आणावं.

अपवाद एक आहे आणि तो बघण्यासारखा आहे. दक्षिण लंडनमधला विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला. परवानगी मिळाल्यावर चाहत्यांनी २००२ मध्येच एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली, आणि २०२० मध्ये ते मूळ गल्लीत, प्लाउ लेनला, परत आले. बंद लीगमध्ये हे करताच येत नाही. सेंट लुइसच्या चाहत्यांनी उद्या संघ काढला तरी तो जिंकत जिंकत एनएफएलमध्ये पोहोचणार नाही.

इथपर्यंत पुस्तक जिंकलं. पण आता मला जी तक्रार आहे ती. धमकी नसलेल्या युरोपातही नवी स्टेडियम भरपूर बांधली गेली, आणि पुस्तकाच्या उत्तरात त्यांना जागा नाही.

१९८९ मध्ये हिल्सबरोला चेंगराचेंगरीत ९७ चाहत्यांचे जीव गेले. त्यानंतर १९९० च्या टेलर अहवालामुळे इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर उभं राहून सामना बघायच्या पायऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या घालाव्या लागल्या. खुर्च्या घातल्या की प्रेक्षकसंख्या घटते, आणि ही मैदानं तर घरांच्या रांगांमध्ये चेपून बसलेली. वाढायला जागा नाही. मिडल्सबरो १९९५ मध्ये, सदरलंड, डर्बी आणि बोल्टन १९९७ मध्ये, साउदॅम्प्टन २००१ मध्ये, आर्सेनल २००६ मध्ये नव्या जागी गेले. ही लाट अमेरिकेच्या लाटेच्या काळातच आली, पण कारण पूर्णपणे वेगळं होतं. नुसते वर्षांचे आकडे मांडले असते तर दोन्ही आलेख सारखे दिसले असते.

फरक दिसतो तो अंतरात आणि खिशात. आर्सेनलचं नवं स्टेडियम जुन्या हायबरीपासून चालत काही मिनिटांवर आहे. सुमारे ३९ कोटी पाउंड खर्च झाला. तो क्लबने बँकेचं कर्ज, नावाचे हक्क आणि जुन्या मैदानाच्या जागी बांधलेले फ्लॅट यांतून उभा केला, आणि त्यानंतरची काही वर्षं चांगले खेळाडू विकत काढली. सदरलंडचं तर असं झालं की नवं स्टेडियम उघडायच्या आधीच्या हंगामात क्लब खालच्या विभागात घसरला. उघड्या लीगमध्ये ही जोखीम क्लबच्या डोक्यावर असते. अमेरिकेत शेवटच्या क्रमांकावर आलात तरी पुढच्या वर्षी तुम्ही तिथेच, आणि नव्या खेळाडूंची निवड करायला पहिला नंबरही तुमचाच.

जिथे कुठलंच उत्तर नीट बसत नाही

सगळ्यात जास्त शिकवतात ती अशी उदाहरणं. मला तीन महत्त्वाची वाटतात.

पहिलं, विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे. पॅकर्स हा संघ हजारो सामान्य भागधारकांचा आहे, नफा वाटत नाही, आणि गाव सोडून जाण्याची त्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणजे धमकी नाही. तरीही २००० मध्ये ब्राउन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमसाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. का? एनएफएलमध्ये टीव्हीचा पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो, पण कॉर्पोरेट बॉक्सचं उत्पन्न ज्याचं त्याच्याकडे राहतं. इतरांनी बॉक्स वाढवले की तुम्ही मागे पडता. म्हणजे पळून जाण्याची धमकी हा एक मार्ग झाला, आणि न वाटल्या जाणाऱ्या उत्पन्नाची शर्यत हा दुसरा. पुस्तकाच्या मांडणीत हे दोन्ही एकत्र येतात. ग्रीन बेमध्ये ते सुटे दिसतात. आणि एक गोष्ट नोंदवा: पॅकर्सनी १९५७ चं लॅम्बो फील्ड पाडलं नाही, वाढवलं.

दुसरं, लंडनचं वेस्ट हॅम. २०१२ च्या ऑलिंपिकचं स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला सुमारे ३२ कोटी पाउंड लागले. क्लबने त्यातले दीड कोटी दिले, आणि २०१६ मध्ये वर्षाला साधारण २५ लाख पाउंड भाड्याने तो तिथे खेळू लागला. धमकी नाही, बंद लीग नाही, तरी बिल जनतेच्या माथी. इथे दबाव होता तो रिकाम्या पडलेल्या इमारतीचा. म्हणजे ‘युरोपात क्लब स्वतःच्या पैशाने बांधतात’ हे वाक्यही सरसकट लिहू नका.

तिसरं, इटलीतलं तुरिन. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं देल्ले आल्पी युव्हेंटसने २००६ मध्ये सोडलं, २००९ मध्ये ते पाडलं, आणि त्याच जागी २०११ मध्ये क्लबने स्वतःच्या मालकीचं, आधीपेक्षा लहान स्टेडियम उघडलं. सोळा वर्षांत वापर संपला. म्हणजे टर्नर फील्डपेक्षाही लवकर, तेही युरोपात! मैदानाभोवती धावपट्टी, प्रेक्षक लांब, खुर्च्या रिकाम्या. दुसऱ्याच्या गरजेसाठी बांधलेल्या घरात क्लब राहत होता.

हा तिसरा प्रकार मुंबईकर वाचकांना ओळखीचा वाटेल. ब्रेबॉर्न स्टेडियम असताना हाकेच्या अंतरावर १९७४ मध्ये वानखेडे उभं राहिलं, ते ब्रेबॉर्न मोडकळीला आलं म्हणून नाही. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं आणि सामने भरवणार मुंबई क्रिकेट असोसिएशन; तिकिटं कुणाला किती, यावरून वाद विकोपाला गेला आणि असोसिएशनने स्वतःचं स्टेडियम बांधलं. इमारत धडधाकट होती, बिनसलं होतं ते हिशेबात.

मग निकाल काय?

नोल आणि झिम्बालिस्ट यांचं पुस्तक ‘जनतेने पैसे द्यावेत का’ या प्रश्नावर आजही पहिलं वाचावं असंच आहे. ‘जनता पैसे का देते’ यावर त्याचं उत्तर बरंचसं टिकतं. पण ‘नवं स्टेडियम का बांधतात’ यावर ते अपुरं पडतं, कारण बांधणं आणि जनतेने बिल भरणं या दोन गोष्टी अमेरिकेत बहुतेक वेळा एकत्र घडतात. एकाच देशात राहून त्या वेगळ्या करता येत नाहीत. युरोप समोर ठेवला की त्या वेगळ्या होतात. तुलनेचा खरा उपयोग हा आहे. ‘ते असे, हे तसे’ असं दाखवणं हा नाही.

माझ्या मते मूळ प्रश्नातलं ‘वय’ हे व्हेरिएबलच कच्चं आहे. ओल्ड ट्रॅफर्डचं वय १९१० पासून मोजायचं की दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यानंतर ते १९४९ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हापासून? माद्रिदचं बर्नाबेऊ १९४७ चं, पण आज आत गेलात तर १९४७ शोधावं लागेल. युरोपात क्लब जागा न सोडता तुकड्या-तुकड्याने बांधतो, म्हणून ते ‘जुनं’ दिसतं. अमेरिकेत एकदम बांधतो आणि जागा बदलतो, म्हणून ‘नवं’ दिसतं. उलट बाजूने बघा: बफेलोच्या बिल्स संघाने १९७३ पासूनचं स्टेडियम सोडून नवं मागितलं तेव्हा ते पन्नाशीला आलं होतं. वयावरून बघितलं तर ही मागणी रास्तच वाटेल. पण २०२२ च्या त्या करारात राज्याचे ६० कोटी आणि काउंटीचे २५ कोटी, असे जनतेचे ८५ कोटी डॉलर गेले, ते वयाने समजत नाही.

त्यामुळे या विषयावर कुणाला काम करायचं असेल, तर ‘नवं का बांधतात’ हा एक प्रश्न तीन प्रश्नांत फोडावा असं मी सुचवेन. सध्याच्या जागेवर काय अडतंय: जागा, कायदा, की उत्पन्नाचा हिशेब? संघाला खरोखर दुसरीकडे जाता येतं का, आणि किती लांब? अटलांटाचे ब्रेव्ह्ज तर शेजारच्या कॉब काउंटीत गेले, म्हणजे धमकीला राज्याची सीमा ओलांडायचीही गरज नसते, कर गोळा करणारं कार्यालय बदललं की पुरे. आणि तिसरा: संघ घसरला किंवा प्रेक्षक आले नाहीत तर तोटा कुणाचा? प्रत्येक स्टेडियमसाठी या तीन रकान्यांत नोंदी केल्या तर ‘अमेरिका’ आणि ‘युरोप’ हे शब्द बहुधा लागणारच नाहीत. वेस्ट हॅम काही अमेरिकन स्टेडियमच्या जवळ जाऊन बसेल आणि ग्रीन बे काही युरोपियन क्लबांच्या.

हा फरक नुसता पद्धतीचा नाही. कारण ‘संस्कृती’ असेल तर कुणाला काहीच करता येत नाही. कारण करकायद्यातलं कलम, भाडेकरारातली अट आणि लीगमधल्या संघांची संख्या असेल, तर ते बदलता येतं, किंवा निदान मतदान करताना विचारता येतं. २०२४ मध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत दोन संघांच्या स्टेडियमसाठी विक्रीकर चालू ठेवायचा प्रस्ताव मतदारांसमोर आला. मतदारांनी तो फेटाळला.

आता आपापल्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य काढा. त्यात दोन देशांची, दोन राज्यांची किंवा दोन जातींच्या उंदरांची नावं असतील, तर ती खोडून त्या जागी त्यांच्यातला नेमका कोणता फरक तुम्हाला अभिप्रेत आहे तो लिहून बघा. लिहिता आला, तर प्रश्न तयार आहे. नाही आला, तर अजून वाचायचं बाकी आहे.